भिक्षापात्र ते सिंहासन

चीनचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर साधारण तीनच गोष्टी येतात. चीनची भिंत, ह्युएनत्संग आणि माओ. मधली शेकडो वर्षं आपण सरळ ऑप्शनला टाकलेली असतात. यंदाच्या अंकात मी त्या ऑप्शनला टाकलेल्या भागातल्या एका माणसाबद्दल लिहिणार आहे. त्याचं नाव झू युआनझांग. वयाच्या सोळाव्या वर्षी हा मुलगा हातात वाडगा घेऊन दारोदार भीक मागत होता आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो चीनचा सम्राट झाला. त्याने सुरू केलेलं मिंग घराणं १३६८ ते १६४४ असं तब्बल २७६ वर्षं टिकलं.

आता तुम्ही म्हणाल, हा 'रंकाचा राव' छाप प्रेरणादायी लेख दिसतोय. पहिली अर्धी गोष्ट तशी आहेच. पण मला लिहावंसं वाटलं ते उरलेल्या अर्ध्या गोष्टीमुळे. या माणसाने धान्य मोजलं, जमीन मोजली, माणसं मोजली, भिंतीतली वीट न् वीट हिशेबात धरली. फक्त माणसावर विश्वास टाकणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. आणि एवढ्या मेहनतीने उभं केलेलं त्याचं राज्य पहिल्यांदा तडकलं तेही तिथेच.

एकाच महिन्यात तीन मरणं

झूचा जन्म १३२८ सालचा, आजच्या आनहुई प्रांतातल्या फेंगयांग भागातला. घरची परिस्थिती म्हणाल तर हातावर पोट. वडील दुसऱ्याची जमीन कसायचे, देणं थकलं की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जायचे. चार भावांत हा सगळ्यांत धाकटा. त्या काळी अशा गरिबाघरच्या पोरांना धड नावंसुद्धा नसत, आकड्यांवरूनच हाक मारत. याचं नाव होतं छोंगबा, म्हणजे साधारण 'दोनदा आठ'. युआनझांग हे भारदस्त नाव त्याने पुढे मोठेपणी घेतलं.

चीनवर तेव्हा मंगोलांचं युआन घराणं राज्य करत होतं. कुबलाई खानाचा दरारा केव्हाच ओसरला होता. १३४४ साल तर काळ बनून आलं. तिकडे पीत नदीने बांध फोडून गावंच्या गावं बुडवली आणि इकडे हुआई नदीच्या खोऱ्यात पाऊसच नाही. जे काही उगवलं ते टोळांनी खाल्लं आणि पाठोपाठ साथीचा रोग आला. अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत झूचे वडील गेले, थोरला भाऊ गेला आणि मग आई गेली. प्रेतांना पेटी नाही, अंगावर घालायला धड कपडा नाही. ज्याची जमीन आयुष्यभर कसली त्या मालकाने पुरायला जागा द्यायलासुद्धा नकार दिला. शेवटी गावातल्या दुसऱ्या एकाला दया आली आणि त्याने स्वतःच्या जमिनीतला तुकडा दिला. फाटक्या कपड्यांत गुंडाळून पोरांनी आईबापांना मातीआड केलं.

पोटासाठी झू जवळच्या बौद्ध मठात गेला. झाडलोट, दिवाबत्ती, वरिष्ठ भिक्षूंची कामं. पण दुष्काळ मठालाही चुकला नव्हता. दोनेक महिन्यांत मठाचं धान्य संपलं आणि नव्या पोरांच्या हातात भिक्षापात्र देऊन त्यांना बाहेर काढण्यात आलं. पुढची सुमारे तीन वर्षं तो हुआई खोऱ्यात वणवण फिरला. आपल्याकडे मेसची भाजी बेचव झाली तर आपण रेक्टरकडे तक्रार घेऊन जातो. त्याच्या नशिबी मेसच नव्हती. नंतर तो मठात परतला आणि तिथे लिहायला-वाचायला शिकला. त्याचं शिक्षण म्हणायचं तर ते एवढंच.

एक नदी आणि दीड लाख मजूर

आता थोडं आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. फुटलेली पीत नदी पुन्हा वळवायची असं युआन दरबाराने १३५१ मध्ये ठरवलं. तोगतो हा तेव्हाचा प्रमुख मंत्री आणि जिया लू नावाचा अधिकारी या कामाचा प्रमुख. सुमारे दीड लाख शेतकरी वेठीला धरून कामाला जुंपले गेले, शिवाय वीस हजार सैनिक. तांत्रिक दृष्ट्या काम फत्ते झालं, त्याच वर्षी नदी ठरवलेल्या पात्रात वळली. पण दीड लाख उपाशी, चिडलेली माणसं एका जागी गोळा करणं म्हणजे दारूच्या कोठाराशेजारी चूल पेटवणं. बंडखोरांनी म्हणे एक डोळ्याचा दगडी माणूस नदीच्या मार्गात आधीच पुरून ठेवला आणि तो सापडला की राज्य उलथणार अशी आवई उठवली. तो दगडी माणूस खरा असो वा नसो, बंड मात्र खरंच पेटलं. डोक्याला लाल फडकी बांधणारे म्हणून त्यांना 'लाल फेटेवाले' म्हणत. प्रोजेक्ट यशस्वी आणि सरकार नापास, असं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

१३५२ मध्ये सरकारी सैन्याने झूचा मठ जाळला. डोक्यावरचं छप्पर गेल्यावर त्याने हाओझोऊ गाव गाठलं आणि गुओ झिशिंग या बंडखोर सरदाराच्या फौजेत तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. वय वर्षं चोवीसच्या आत. गडी धाडसी, शब्दाला पक्का, आणि मिळालेली लूट स्वतःकडे न ठेवता सोबत्यांत वाटणारा. गुओच्या नजरेत तो लगेच भरला. गुओने आपली मानलेली मुलगी मा हिचं त्याच्याशी लग्न लावून दिलं. या माबद्दल एक गोष्ट सांगतात. सासऱ्याचं डोकं फिरलं आणि त्याने झूला उपाशी कोंडून ठेवलं, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून गरम भाकरी कपड्यांत लपवून त्याच्यापर्यंत नेली आणि त्यात तिची कातडी भाजली. ही मा लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

१३५५ मध्ये गुओ वारला. झूने यांगत्से नदी ओलांडली आणि १३५६ मध्ये नानजिंग शहर घेतलं. इथून त्याचा इतर बंडखोरांपेक्षा वेगळेपणा दिसायला लागतो. बाकीचे गाव जिंकलं की लुटायचे, हा शिपायांना लुटीची सक्त मनाई करायचा. बाकीचे चार गावं हाती येताच स्वतःला सम्राट म्हणवून घ्यायचे, हा थांबला. आधी तटबंदी आणि धान्य, राजेपद सावकाश, अशा अर्थाचा सल्ला त्याला झू शेंग या विद्वानाने दिला होता आणि तो त्याने तंतोतंत पाळला. ली शानचांग, लिऊ जी, सोंग लियान असे शिकलेले लोक त्याने जमवले आणि त्यांच्याकडून तो स्वतःही शिकत राहिला. पडीक जमिनीवर सैनिकांनाच शेती करायला लावली. ज्याने उपासमार बघितली त्याला लढाईतलं पहिलं शस्त्र धान्य आहे हे वेगळं शिकवावं लागलं नसेल.

पोयांग सरोवर

यांगत्सेच्या वरच्या अंगाला चेन यूलियांग हा त्याचा सगळ्यांत बलाढ्य प्रतिस्पर्धी होता. चेनचं आरमार म्हणजे तरंगते किल्लेच, तीन-तीन मजल्यांची जहाजं. १३६३ मध्ये चेनने नानचांग शहराला वेढा घातला. ते शहर झूच्या पुतण्याने ८५ दिवस लढवलं आणि तेवढ्यात झू मदतीला पोचला. दोन्ही आरमारं पोयांग सरोवरात भिडली. जुन्या इतिहासग्रंथांप्रमाणे चेनकडे ६ लाख माणसं आणि झूकडे २ लाख. आकडे फुगवलेले असतील, पण चेनचं पारडं जड होतं यात वाद नाही.

सुरुवातीला झूची छोटी जहाजं मार खात होती. पण चेनची मोठी जहाजं एकमेकांना खेटून उभी होती आणि पटकन वळू शकत नव्हती. वारा अनुकूल होताच झूने गवत आणि बंदुकीची दारू भरलेल्या होड्या पेटवून त्यांच्यावर सोडल्या. एक जहाज पेटलं की शेजारचं पेटायचं. पुढे सरोवरातून बाहेर पडायचा मार्गही झूने अडवला आणि निसटायच्या प्रयत्नात चेन बाण लागून ठार झाला. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेली ही लढाई ऑक्टोबरात संपली. त्यानंतर सुझोऊच्या झांग शिचेंगला दहा महिन्यांच्या वेढ्यानंतर १३६७ मध्ये धरलं. २३ जानेवारी १३६८ रोजी नानजिंगमध्ये झू सम्राट झाला. घराण्याचं नाव मिंग, म्हणजे तेजस्वी, आणि कारकिर्दीचं नाव होंगवू. त्याच वर्षी त्याचा बालमित्र आणि सेनापती शू दा याने आजचं बीजिंग घेतलं आणि मंगोल सम्राट उत्तरेला पळाला.

वह्या आणि विटा

इथे बहुतेक चित्रपट संपले असते. मला मात्र इथून पुढचा झू जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण राज्य जिंकणं वेगळं आणि चालवणं वेगळं. देश ओसाड पडला होता. त्याने माणसं रिकाम्या मुलखात नेऊन वसवली, पडीक जमीन कसणाऱ्याला करमाफी दिली. ज्याच्याकडे थोडीफार जमीन आहे त्याने तुती, कापूस आणि तागासारखी पिकं थोड्या तुकड्यात लावलीच पाहिजेत असा हुकूम काढला. १३९५ पर्यंत देशभर सुमारे ४१ हजार तळी आणि बंधारे नवे बांधले किंवा दुरुस्त केले गेले अशी नोंद आहे.

मग त्याने मोजणी सुरू केली. १३८१ मध्ये दर ११० घरांचा एक गट पाडला. त्यातल्या दहा सधन घरांनी आळीपाळीने एकेक वर्ष गटाचा कारभार बघायचा आणि बाकीच्या शंभर घरांचा कर गोळा करायचा. प्रत्येक घरात माणसं किती, जमीन किती, जनावरं किती हे सगळं वहीत. या वह्यांना पिवळी पुठ्ठी असायची म्हणून नाव 'पिवळ्या वह्या'. दर दहा वर्षांनी नव्याने लिहायच्या. त्या मोजणीत चीनची लोकसंख्या सुमारे ६ कोटी भरली. जमिनीचे नकाशे वेगळे. शेतांचे तुकडे कागदावर माशाच्या खवल्यांसारखे दिसायचे, म्हणून ते 'खवले-नकाशे'. या वह्या ठेवल्या कुठे? नानजिंगच्या तलावातल्या बेटांवर, म्हणजे आगीची भीती नको. चौदाव्या शतकातलं डेटा सेंटरच म्हणा ना!

आणि नानजिंगची तटबंदी. १३६६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि वीसेक वर्षं चाललं. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. त्यातली २५ किलोमीटरच्या आसपास भिंत आजही उभी आहे. विटा यांगत्सेकाठच्या अनेक जिल्ह्यांतून भाजून यायच्या आणि विटेवर छाप असायचा: कुठला जिल्हा, कुठला तालुका, देखरेख करणारा अधिकारी कोण, भट्टीवाला कोण, वीट पाडणारा कोण. वीट कच्ची निघाली की थेट माणूस सापडणार. आपण ट्रेसेबिलिटी म्हणून क्वालिटी कंट्रोलच्या पेपरात जे लिहितो ते या माणसाने सहाशे वर्षांपूर्वी मातीवर उमटवून घेतलं होतं. सांध्यातला चुनाही बघण्यासारखा. चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळायची. ही दंतकथा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी संशोधनात दाखवलंय की तांदळातल्या अमायलोपेक्टिनमुळे चुन्याचे स्फटिक बारीक आणि घट्ट बसतात, आणि त्यामुळे सांधा मजबूत होतो.

इथपर्यंत मी झूच्या पूर्ण प्रेमात होतो.

कोरे कागद

दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने आपला महसुलाचा हिशेब नानजिंगच्या महसूल खात्यात आणून जुळवायचा असा नियम होता. धान्य बैलगाड्यांतून आणि होड्यांतून यायचं. वाटेत थोडं सांडायचं, थोडं भिजायचं. गावातून निघताना लिहिलेला आकडा आणि राजधानीत पोचल्यावरचा आकडा जुळणार कसा? न जुळल्यास नवा कागद करायचा, आणि त्यावर जिल्ह्याचा शिक्का हवा. शिक्का तर गावाकडे, जाऊन येऊन कित्येक आठवडे, दूरच्या प्रांतांना कित्येक महिने. म्हणून कारकून आधीच शिक्का मारलेले कोरे कागद बरोबर आणायचे. रेक्टरची सही घेऊन ठेवलेला कोरा आउट-पास कसा असतो, साधारण तसं. ही पद्धत युआन काळापासून चालत आली होती आणि सगळ्यांना माहीत होती.

माहीत नव्हती फक्त सम्राटाला. १३७६ च्या सुमारास त्याला हे कळलं आणि त्याच्या डोक्यात एकच विचार आला: कोरा कागद म्हणजे चोरी. ज्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात शिक्के होते त्यांना मृत्युदंड, त्यांच्या हाताखालच्यांना शंभर फटके आणि सरहद्दीवर हद्दपारी. झेंग शीली नावाच्या एका विद्वानाचा भाऊ यात सापडला होता. झेंगने सम्राटाला सविस्तर अर्ज लिहिला. हे शिक्के दोन कागदांच्या जोडावर मारलेले असतात, त्यामुळे त्या कोऱ्या कागदाचा दुसरीकडे गैरवापर करता येत नाही. अंतरं एवढी आहेत की दुसरा इलाज नाही. अशा कागदांना बंदी करणारा कायदा आधी कुठेच नव्हता. आणि चांगले अधिकारी तयार व्हायला अनेक वर्षं लागतात. एकेक मुद्दा बिनतोड. उत्तर काय मिळालं? झेंगला सक्तमजुरी, आणि भावाची शिक्षा कायम.

मेलेल्यांत फांग केचिन नावाचा जिनिंगचा अधिकारी होता. स्वच्छ आणि साधा म्हणून त्याचा लौकिक होता. त्याचा मुलगा फांग शियाओरू तेव्हा विशीच्या आत-बाहेर. हेही नाव लक्षात ठेवा.

मला हे प्रकरण सगळ्यांत जास्त लागलं. कारण झूचा राग खोटा नव्हता. अधिकारी गरिबाला कसे नागवतात हे त्याने अंगावर सोसलं होतं. पुढे त्याने अशी मुभासुद्धा दिली की गावकऱ्यांनी लाचखोर अधिकाऱ्याला बांधून थेट राजधानीत आणावं, वाटेत कोणी अडवू नये. असं सांगणारा राजा विरळाच. पण इथे चोर नव्हता, होती ती सिस्टिमची अडचण. साप समजून त्याने भुई धोपटली, आणि भुईवर माणसं होती.

मंत्र्याशिवाय राज्य

१३८० मध्ये त्याने प्रमुख मंत्री हू वेईयोंग याला कटाच्या आरोपावरून ठार केलं. तेवढ्यावर न थांबता प्रमुख मंत्र्याचं पदच कायमचं रद्द केलं. शेकडो वर्षं चालत आलेलं पद! पुढे हे पद पुन्हा आणा असं कोणी सुचवलं तर त्याला कठोर शिक्षा करा, हेही लिहून ठेवलं. सगळी खाती थेट सम्राटाच्या हाताखाली आली. परिणाम आकड्यांत बघा. १३८४ मध्ये आठ दिवसांत त्याच्यासमोर १,६६० कागद आले आणि त्यांत ३,३९१ बाबी होत्या. म्हणजे दिवसाला दोनशेवर कागद आणि चारशेवर निर्णय. तो पहाटे उठायचा, रात्री उशिरापर्यंत वाचायचा, आणि हे त्याने वर्षानुवर्षं केलं. त्याच्या कष्टाला तोड नाही. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा: अख्ख्या देशाचा भार एकाच खांबावर. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर यालाच म्हणतात ना?

१३८२ मध्ये मा वारली. ती सम्राज्ञी झाल्यावरही साधी राहिली होती आणि नवऱ्याचा राग आवरू शकणारी ती एकटीच होती. युवराजाचे गुरू सोंग लियान यांचा जीव तिच्याच रदबदलीमुळे वाचला होता. असं सांगतात की शेवटच्या आजारात तिने औषध घ्यायला नकार दिला, कारण गुण आला नाही तर नवरा वैद्यांना मारील. बायकोने नवऱ्याला किती अचूक ओळखलं होतं! झूने पुन्हा कोणालाही सम्राज्ञी केलं नाही. त्याच वर्षी त्याने खास पहारेकऱ्यांचं एक दल उभं केलं, ज्याला पकडायचे, चौकशीचे आणि कोठडीत टाकायचे स्वतंत्र अधिकार होते.

काट्यांची काठी

हू वेईयोंगचं प्रकरण दहा वर्षं धुमसत राहिलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. १३९० मध्ये ली शानचांग, म्हणजे अगदी सुरुवातीपासूनचा सोबती, वय ७६, तोही कुटुंबातल्या सत्तरएक माणसांसह संपवला गेला. १३९३ मध्ये मंगोलांना धूळ चारणारा सेनापती लान यू गेला आणि त्याच्याबरोबर सुमारे १५ हजार लोक. दोन्ही प्रकरणांचे बळी मिळून ४५ हजारांच्या घरात जातात.

का? युवराज झू बियाओ स्वभावाने मऊ. त्याने एकदा वडिलांना या कत्तलींबद्दल हटकलं. दुसऱ्या दिवशी, गोष्ट अशी सांगतात, बापाने काट्यांनी भरलेली काठी जमिनीवर टाकली आणि ती उचलायला सांगितलं. मुलगा कचरला. बापाचं म्हणणं असं की मी हे काटे सोलून काठी तुझ्या हातात देतोय. बापाचं प्रेम आणि राजाचं क्रौर्य इतकं एकमेकांत मिसळलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण १३९२ मध्ये युवराजच वारला. ज्याच्यासाठी काठी सोलायची तोच गेला. झूने मग युवराजाच्या मुलाला, म्हणजे नातू झू युनवेनला, वारस नेमलं. वय चौदा. लान यूचं प्रकरण त्यानंतर लगेचच झालं, हा योगायोग नव्हे. नातवाच्या हाताला काटे लागू नयेत म्हणून अनुभवी सेनापती एकेक करून संपले. सरहद्दीवर फौजा द्यायच्या कोणाला? स्वतःच्या मुलांना. त्याला २६ मुलगे होते. परका दगा देईल, रक्ताचं माणूस देणार नाही, हा त्याचा हिशेब.

जून १३९८ मध्ये तो वारला. नानजिंगजवळ त्याची समाधी आहे, २००३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. एकवीस वर्षांच्या आतला नातू गादीवर बसला आणि त्याने काकांची ताकद कमी करायला सुरुवात केली. १३९९ मध्ये झूचाच चौथा मुलगा, बीजिंगकडचा झू दी, पुतण्याविरुद्ध उठला. त्याला अडवायला कसलेले सेनापती हवे होते. ते आजोबांनीच मारून टाकले होते. १४०२ मध्ये नानजिंग पडलं, राजवाडा जळाला आणि नातवाचा पुढे पत्ता लागला नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

आता ते फांग शियाओरू. बापाला कोऱ्या कागदांपायी होंगवूने मारलं, तरी मुलगा पुढे त्याच्याच नातवाचा सल्लागार झाला. नव्या सम्राटाने राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहायला सांगितल्यावर त्याने साफ नकार दिला आणि त्यासाठी मरण पत्करलं, त्याचे शेकडो नातेवाईकही मारले गेले. ज्या घरावर होंगवूने सगळ्यांत मोठा अन्याय केला, त्या घराने त्याच्या वारसाची साथ सोडली नाही. आणि ज्या रक्तावर त्याने भरवसा ठेवला त्याने गादी हिसकावली. झूची मोजपट्टी किती चुकीची होती हे यापेक्षा स्पष्ट काय दिसणार?

पुढची अडीचशे वर्षं

झू दी, म्हणजे योंगल सम्राट, कर्तबगार निघाला. बीजिंगचा राजवाडा त्याचाच, आणि १४०५ पासून झेंग हेच्या जहाजांचा ताफा आपल्या कालिकतपर्यंत आला तोही त्याच्याच हुकमाने. पण होंगवूने घराण्याचे नियम लिहून ठेवले होते आणि त्यांत कोणी बदल करायचा नाही असंही बजावलं होतं. प्रमुख मंत्री नेमायचा नाही, म्हणून नंतरच्या आळशी सम्राटांच्या काळात कारभार खोजांच्या हाती गेला. वंशातल्या प्रत्येक पुरुषाला पिढ्यान् पिढ्या सरकारी धान्य द्यायचं, म्हणून १५६२ मध्ये हिशेब असा झाला की राजधानीत वर्षाला ४० लाख शी धान्य यायचं आणि राजवंशाचे भत्ते ८५ लाख शी. शी हे त्यांचं धान्याचं माप. आपलं कुटुंब पुन्हा कधी उपाशी राहू नये म्हणून केलेली तरतूद देशाला उपाशी ठेवायला लागली.

१६२९ च्या सुमारास सरकारने खर्चकपात म्हणून टपाल-चौक्या कमी केल्या. पुढे बंडखोरांचा म्होरक्या झालेला शान्शी भागातला ली झिचेंग अशाच एका चौकीवर कामाला होता. तिकडे दुष्काळ, वर कराचा बोजा. १६४४ मध्ये तो फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला आणि शेवटच्या मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. थोड्याच दिवसांत मांचू आले आणि छिंग घराणं सुरू झालं. एका उपाशी शेतकऱ्याने उभं केलेलं राज्य उपाशी शेतकऱ्यांनीच बुडवलं.

झूला मी काय म्हणू, थोर की क्रूर? दोन्ही म्हणावं लागतं आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. त्याने बांधलेली तळी खरी आणि कापलेली डोकीही खरी. सम्राट झाल्यावर फेंगयांगला त्याने आईवडिलांची भव्य समाधी बांधली. विद्वानांनी शिलालेखासाठी छान गुळगुळीत मजकूर लिहून दिला होता. तो त्याला पटला नाही. १३७८ मध्ये त्याने स्वतः मजकूर लिहिला आणि त्यात दुष्काळ, नाकारलेली जागा, फाटके कपडे, भीक मागणं सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. तो दगड आजही तिथे उभा आहे. एवढं खरं बोलू शकणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं खरं ऐकून घेता आलं असतं, झेंग शीलीचा तो एक अर्ज जरी त्याने शांतपणे वाचला असता, तर मिंग घराण्याचा इतिहास वेगळा झाला असता असं मला राहून राहून वाटतं.